रान माजलेल्या दफनभूमीत हात घालण्यापूर्वी

जुन्या दफनभूमींतील थडग्यांची निगा आणि दुरुस्ती याबद्दल वाचकांकडून आलेली निवडक पत्रे आणि त्यांना जाणकारांनी दिलेली उत्तरे.

प्रश्न : आमच्या गावाजवळ इंग्रजी छावणीच्या काळातली दफनभूमी आहे. घाणेरी आणि रानमोडीने ती पूर्ण झाकली आहे. पंचवीस-तीस तरुण कामाला तयार आहेत, जेसीबीही फुकट मिळतोय. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांत सगळे साफ करून टाकावे असा विचार आहे. सुरुवात कुठून करावी? (दापोली परिसर)

उत्तर : जेसीबीवाल्याचे आभार माना आणि त्याला परत पाठवा. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ थडग्यांखाली विटांची कमानदार पोकळी असते. यंत्राचे वजन आले की ती बसते आणि वरची शिळा दुभंगते. आडवे पडलेले दगड गवतात दिसतच नाहीत, ते बकेटखाली येतात. दोन दिवसांची मुदतही मनातून काढून टाका.

पहिले काम कागदावरचे आहे. जागा कोणाची हे तलाठ्याकडच्या उताऱ्यावर पाहा. चर्च, नगरपंचायत, कँटोन्मेंट बोर्ड, सरकार यांपैकी जो मालक असेल त्याची लेखी परवानगी घ्या. दफनाच्या जागी कोणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने किंवा तसे होईल हे ठाऊक असताना शिरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी परवानगी हातात असलेली बरी. दफनभूमी केंद्रीय किंवा राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत असेल, तर खात्याच्या परवानगीशिवाय ब्रशसुद्धा लावू नये.

दुसरे काम नोंदीचे. सुतळीने १० मीटर बाय १० मीटरचे चौकोन आखा आणि प्रत्येकाला अक्षर द्या. जे थडगे दिसेल त्याला चौकोनाचे अक्षर आणि क्रमांक द्या. क्रमांक दगडावर रंगवू नका. बांबूच्या खुंटीला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बांधून ती शेजारी रोवा. प्रत्येकाचा एक कागद हवा : क्रमांक, दगडाचा प्रकार, लांबी-रुंदी-उंची, तोंड कोणत्या दिशेला, लेख जसाच्या तसा, तडे कुठे, आणि चार बाजूंचे फोटो. फोटोत मोजपट्टी ठेवा. गळून पडलेला तुकडा जिथे पडला आहे तिथेच त्याचा फोटो घ्या. ‘नीटनेटके दिसावे’ म्हणून सगळे तुकडे एका कोपऱ्यात रचले, की कोणता तुकडा कोणत्या थडग्याचा हे पुन्हा कधीच कळत नाही. हौशी सफाईत सर्वांत मोठे नुकसान इथेच होते.

मग कोयता. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा काळ चांगला. पहिल्या फेरीत झाडी गुडघ्याएवढी राखून कापा, म्हणजे खालचे दगड दिसू लागतात. दुसऱ्या फेरीत घोट्यापर्यंत उतरा. दगडापासून एक फुटाच्या आत कोयता नको, तिथे बागकामाची कात्री आणि विळा वापरा. घाणेरी जमिनीवर कापली तर पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटते. तिचे सोटमूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे. पण हे थडग्यापासून दूर. थडग्याला चिकटलेली घाणेरी उपटू नये. मुळांबरोबर दरजा (सांध्यांतला चुना) आणि विटा बाहेर येतात. कापलेले आवारातच जाळू नका. आचेने संगमरवराचे कण सुटतात आणि काळ्या पाषाणाचे पापुद्रे निघतात.

सगळी जमीन उघडी करू नका, हेही तितकेच महत्त्वाचे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उतारावरची माती उघडी पडली की पहिल्या पावसाळ्यात ती थडग्यांच्या पायाखालून वाहून जाते आणि वर्षानुवर्षे सरळ उभे असलेले दगड कलतात. गवत बोटभर राखा. मोठी सावलीची झाडे ठेवा.

फुरसे, घोणस आणि विंचू यांच्यासाठी गुडघ्यापर्यंतचे बूट, जाड हातमोजे आणि पुढे काठी हवी. सुट्या दगडाखाली हात घालू नये. साप चावल्यास दोरी बांधणे, चिरा देणे असले काही न करता अवयव हलू न देता १०८ वर फोन करावा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावे. जवळच्या रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे ना, ते काम सुरू करण्याआधीच विचारून ठेवा.

प्रश्न : एका चौथऱ्याच्या थडग्यातून पिंपळ उगवला आहे. बुंधा मनगटाएवढा जाड आहे. दोर बांधून ओढून काढावा का? काही जण मीठ, रॉकेल किंवा अ‍ॅसिड ओतायला सांगतात. (पुणे)

उत्तर : ओढू नका. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे, वडाचे किंवा उंबराचे बी दरजेतल्या ओलाव्यावर रुजते, आणि मनगटाएवढा बुंधा होईपर्यंत मुळे चौथऱ्याच्या गाभ्यात पसरलेली असतात. या टप्प्यावर मुळेच दगडांना धरून ठेवत असतात. ओढले तर अर्धा चौथरा हातात येतो. मिठाने झाड मरेल न मरेल, पण ते दगडात आणि विटांत शिरते, दर उन्हाळ्यात त्याचे स्फटिक होतात आणि पृष्ठभाग पिठासारखा झडतो. हे नुकसान पिंपळापेक्षा जास्त टिकाऊ आहे. रॉकेलचा डाग निघत नाही. अ‍ॅसिड चुना खाते, म्हणजे थडग्याला धरून ठेवणारी गोष्टच खाते.

पेन्सिलीएवढ्या जाडीपर्यंतचे रोप पावसाळा संपताना, दरजा ओल्या असताना, मुळासकट हलक्या हाताने निघते. त्याहून मोठे असेल तर फांद्या आधी वरून एकेक करत उतरवा आणि बुंधा १० ते १५ सेंटिमीटर ठेवून करवतीने कापा. कुऱ्हाडीचे घाव दगडाला हादरे देतात. कापलेल्या भागावर सालीच्या लगत आतल्या ओल्या कड्यात ८ ते १० मिलिमीटर व्यासाची, ३-४ सेंटिमीटर खोल, तिरपी भोके साधारण ५ सेंटिमीटर अंतराने पाडा. ४१ टक्के ग्लायफोसेट हे तणनाशक समभाग पाण्यात मिसळून ते ब्रशने कड्यावर आणि ड्रॉपरने भोकांत घालायचे, तेही कापल्यापासून पाच मिनिटांत. उशीर झाला की चीक जमतो आणि औषध आत उतरत नाही. फवारणी अजिबात नको. केंद्राच्या २०२२ च्या अधिसूचनेने ग्लायफोसेट वापरण्याचे काम परवानाधारक कीटकनियंत्रण व्यावसायिकांपुरते ठेवले आहे, तेव्हा तशाच माणसाकडून हे करून घ्या. वर प्लॅस्टिक बांधा. मार्च-एप्रिलमध्ये फूट आली तर पुन्हा तेच. एका खेपेत पिंपळ मेला असे गृहीत धरू नका.

पुढचा भाग लोक विसरतात. मेलेली मुळे दोन-तीन वर्षांत कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांत पाणी साठते आणि ‘झाड काढल्यावर’ चौथरा कोसळतो. म्हणून दर पावसाळ्याआधी आणि नंतर तड्यांवर खूण करून रुंदी मोजा. पोकळी उघडी दिसली की चुना आणि बारीक चाळलेली सुरखी (विटांची भुकटी) यांचा पातळ माल वरून गुरुत्वाने सोडा, एका वेळी एक-दोन लिटरच. दगड मुळांनी आधीच उचलले असतील तर खडूऐवजी कागदी लेबलांनी क्रमांक देऊन, रेखाटन करून, चौथरा उतरवणे आणि पुन्हा बांधणे हाच मार्ग उरतो. ते काम जुन्या बांधकामांचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाच्या देखरेखीखालीच व्हावे.

शहरी हद्दीत झाड तोडण्यासाठी १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. थडग्याला पूर्ण कवेत घेतलेला शंभर वर्षांचा वड असेल, तर आमचे मत स्पष्ट आहे : तो राहू द्या. तिथे झाड आणि थडगे यांचा निवाडा केव्हाच झाला आहे.

प्रश्न : संगमरवरी क्रॉसवर काळे-हिरवे थर आहेत. फरशी साफ करायच्या अ‍ॅसिडने एका कोपऱ्यावर करून पाहिले, लख्ख पांढरे झाले. सगळीकडे वापरावे का? (मुंबई)

उत्तर : थांबा. तो पांढरेपणा म्हणजे संगमरवराचा वरचा थर विरघळून उघडा पडलेला कच्चा दगड आहे. झिलई गेल्यामुळे तिथे शेवाळ आता आधीपेक्षा लवकर बसेल. त्या कोपऱ्यावर भरपूर साधे पाणी सोडून अ‍ॅसिडचा अंश धुऊन टाका.

काळा रंग बहुतेक वेळा काजळीचा नसून वाळलेल्या शेवाळाचा आणि दगडफुलाचा असतो. आधी नुसत्या पाण्याने पहा : दगड पूर्ण भिजवा, १५ मिनिटे थांबा, लाकडी किंवा बांबूच्या चपट्या पट्टीने थर सैल करा, मऊ नायलॉनच्या ब्रशने खालून वर गोलाकार घासा. खालून सुरुवात केली की मळके ओघळ कोरड्या दगडावर उतरून डाग पडत नाहीत. निम्मे काम इथेच होते. उरलेल्यासाठी बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक वापरावे. बाजारात ते ५० टक्के द्रावणाच्या रूपात मिळते. त्यातले २० मिलिलिटर पाण्यात घालून एक लिटर केले की १ टक्का द्रावण होते. मागच्या बाजूला १० सेंटिमीटरच्या चौकोनात आधी आठवडाभर चाचणी घ्या. लावल्यावर १०-१५ मिनिटे ओले ठेवा, ब्रश फिरवा, भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच. लगेच पांढरेशुभ्र होणार नाही. पुढच्या काही आठवड्यांत मेलेले थर ऊन-पावसाने आपोआप सुटतात, आणि ती वाट पाहणे हाच या कामातला शहाणपणा आहे.

ब्लीचिंग पावडर नको, कारण तिचे क्षार मागे राहतात. लोखंडी ब्रश नको, त्याचे कण अडकून गंजतात आणि तांबूस ठिपके कायमचे राहतात. प्रेशर वॉशर नको. संगमरवरावरून बोट फिरवल्यावर साखरेसारखे दाणे हाताला लागत असतील, तर ब्रशही नको. तो दगड तज्ज्ञाची वाट पाहू द्या.

प्रश्न : लेख इतके झिजले आहेत की वाचता येत नाहीत. अक्षरांत खडू किंवा पीठ भरून फोटो काढतात, ते बरोबर आहे का? काही दगडांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही आहे. (ठाणे)

उत्तर : खडू, पीठ, कोळसा, दाढीचा फेस यांपैकी काहीही नको. पिठाने मुंग्या आणि बुरशी येते, खडूची भुकटी झिजलेल्या अक्षरांत अडकून बसते. ऑइलपेंटने अक्षरे ‘उठावदार’ करणे तर सर्वांत वाईट, कारण रंगवणारा जे वाचतो तेच पुढे सगळ्यांनी वाचायचे असे होते. चुकीचे साल असे एकदा रंगले की तेच खरे मानले जाते.

प्रकाश तिरपा हवा. साधारण एक फूट बाय चार फुटांचा आरसा घ्या. दगड सावलीत असताना बाजूने ऊन परावर्तित करून असे सोडा की ते पृष्ठभागाला घासत जाईल. अर्धा मिलिमीटर खोल अक्षरही सावली टाकते. आरसा नसेल तर अंधार पडल्यावर कॅमेरा तिपाईवर ठेवून टॉर्च पृष्ठभागाशी १०-१५ अंशांच्या कोनात धरा आणि कॅमेरा न हलवता सात-आठ दिशांनी फोटो घ्या. एका दिशेने उभ्या रेषा दिसतात, दुसऱ्या दिशेने आडव्या. पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडावर दुपार होण्याच्या सुमारास, ऊन तोंडावरून निसटत असताना, काही मिनिटे लेख स्वतःच स्पष्ट होतो.

संगमरवरात शिशाची अक्षरे असतील आणि शिसे गळून पडले असेल, तर ते धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक भोके शिल्लक असतात. भोकांची मांडणी कागदावर उतरवा. ‘आर’ आणि ‘पी’ची मांडणी वेगळी असते, तुलना केली की अक्षर सापडते.

नोंद ओळीनुसार करा, शंकास्पद अक्षर चौकटी कंसात घाला, अंदाज वेगळा लिहा. हिब्रू आणि देवनागरी असे दोन्ही लेख म्हणजे बहुतेक बेने इस्रायल (महाराष्ट्रातले मराठी बोलणारे यहुदी) कुटुंबांची थडगी. तिथे काहीही करण्याआधी त्या समाजाच्या सभास्थानाच्या विश्वस्तांना भेटा. यहुदी परंपरेत कबर हलवणे वर्ज्य मानतात. हिब्रू वर्षातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळते (शरद ऋतूत वर्ष बदलत असल्याने कधी एक वर्षाचा फरक पडतो). ५६६० म्हणजे १८९९-१९००. हजाराचा आकडा पुष्कळदा लिहिलेला नसतो, तो धरून हिशेब करा.

इंग्रजी थडग्यांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नोंदी ‘एन/३’ या मालिकेत आहेत. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ची ऑनलाइन सूची त्यासाठी उपयोगी पडते. दक्षिण आशियातील दफनभूमींसाठी काम करणारी ब्रिटिश संस्था ‘बॅक्सा’ स्थानिक समित्यांना दुरुस्तीसाठी थोडे अर्थसाहाय्यही देते. अर्जासोबत नोंदी आणि फोटो असले तर विचार होण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : दरजा उघड्या पडल्या आहेत. गवंडी म्हणतो सिमेंटने भरू, शंभर वर्षे बघायला नको. चुन्याचा आग्रह का धरावा आणि प्रमाण काय? (सातारा)

उत्तर : भिंतीत शिरलेले पाणी जिथून सहज निघेल तिथून निघते. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, त्यामुळे पाणी आणि क्षार दरजेतून बाहेर पडतात आणि झिजायचे ते दरज झिजते. ती पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा भरता येते. सिमेंटने ती वाट बंद होते. मग पाणी जांभ्यातून, विटेतून, संगमरवरातून निघते आणि दगडच झडतो. काळा पाषाण घट्ट असल्याने तो लवकर झडत नाही, पण सिमेंट आणि दगड यांच्या मध्ये केसाएवढी फट पडते. पाणी त्या फटीतून आत जाते आणि मागचा चुन्याचा गाभा धुपत राहतो. बाहेरून सगळे ठणठणीत दिसते, म्हणूनच ते फसवे.

कळीचा (न विझवलेला) चुना घ्या. हौद किंवा लोखंडी पिंप घ्या, आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतू नका, उसळून डोळ्यांत उडते. एका घमेल्याला अंदाजे तीन घमेली पाणी धरा. उकळी शमल्यावर जाळीतून गाळून, वर चार बोटे पाणी राहील असे झाकून ठेवा. पंधरा दिवस ही किमान मुदत, दोन-तीन महिने मुरला तर माल लोण्यासारखा लागतो. पोत्यातला हायड्रेटेड चुना वापरायचाच असेल तर ताजा घ्या आणि तोही किमान एक दिवस भिजवून. उघडे पडलेले पोते हवेतच मरते आणि त्याचा माल नुसती भुकटी राहतो.

प्रमाण : मुरलेला चुना १, धुतलेली चाळलेली वाळू २, सुरखी अर्धा ते एक भाग. जमिनीलगतच्या ओल्या थरांत सुरखी एक भाग, वर अर्धा. सुरखी मंद भाजलेल्या मातीच्या विटेचीच हवी, जळक्या विटेची चढत नाही, म्हणजे माल घट्ट होत नाही. खाडीची वाळू नको. क्रश सँडमध्ये भुकटी फार असते, धुतल्याशिवाय वापरली तर तडे जातात. बाटलीत वाळू आणि पाणी हलवून ठेवा, वर बसलेला गाळ वाळूच्या विसाव्या भागापेक्षा जास्त असेल तर पुन्हा धुवा. पाणी कमीत कमी घालून माल घाण्यात किंवा खोऱ्याने मळत आणि बडवत राहा. मऊपणा पाण्याने नव्हे, मळण्याने येतो. गूळ, बेलफळ, हिरड्याचे पाणी घालण्याची आपली जुनी पद्धत आहे, पण अंदाजपंचे घातले तर बुरशी येते आणि माल चढायला वेळ लावतो. अनुभवी कारागीर नसेल तर वगळा.

दरज छिन्नी-हातोडीने, ग्राइंडर न लावता, रुंदीच्या दुप्पट आणि कमीत कमी २५ मिलिमीटर खोल मोकळी करा. धूळ काढा, पाणी शिंपडून दगड ओलसर करा. माल १०-१२ मिलिमीटरच्या थरांनी दाबून भरा. अंगठ्याचा ठसा उमटेनासा झाला की ताठ ब्रशने हलके ठोका. मग ओले गोणपाट १४ दिवस, रोज दोन-तीनदा पाणी. पहिल्या तीन दिवसांत ऊन लागले तर पांढरी भुकटी सुटते, आणि दोष चुन्यावर येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. माल नीट पिकायच्या आत पावसाळा आला तर सगळे वाहून जाईल, म्हणून मार्चनंतर नवीन दरजा उघडू नका.

प्रश्न : उभा संगमरवरी दगड पुढे कलला आहे. चौघे मिळून सरळ करता येईल ना? (नाशिक)

उत्तर : आधी वजन काढा. १५० सेंटिमीटर उंच, ६० रुंद, ७.५ जाड दगड म्हणजे ०.०६७५ घनमीटर. संगमरवराला घनमीटरला २७०० किलो धरले तर १८० किलोच्या वर. तो घसरला तर पाय जातो. लाकडी किंवा लोखंडी तिकाटणे, अर्ध्या टनाची चेन पुली आणि कापडी पट्टे घ्या, साखळी दगडाला थेट लावू नका.

पाच अंशांपर्यंतचा स्थिर कल तसाच ठेवावा. वर्षभरात वाढतो का ते ओळंबा धरून मोजा. वाढत असेल तरच हात घाला. दगड थेट जमिनीत रोवलेला असेल, तर त्याची जुनी खोबणच उकरा, तिच्याबाहेर किंवा तिच्याहून फार खोल नको. हाड किंवा पोकळी दिसली तर तिथेच थांबा, झाका आणि मालकाला कळवा. तळाला १० सेंटिमीटर खडी ठोकून बसवा. दगड लाकडी पाचरींनी ओळंब्यात आणा. माती-खडी १० सेंटिमीटरच्या थरांनी ठोकत भरा. काँक्रीटमध्ये रोवलेला दगड पुढे जमिनीच्या हालचालीने नेमका काँक्रीटच्या काठावर मोडतो.

तुटलेला दगड उभा करण्याची घाई करू नका. तुकडे वाळूच्या थरावर, पाणी ओघळेल असे किंचित तिरपे ठेवा. जुने लोखंडी खिळे गंजून फुगतात आणि दगड फोडतात, ते काढून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे गज बसवणे हे प्रशिक्षित संवर्धकाचे काम आहे.

प्रश्न : २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवसाआधी आम्ही दरवर्षी घरच्या जुन्या कबरींना रंग देतो. ऑइलपेंट जास्त टिकतो का? (वसई)

उत्तर : गिलावा केलेल्या विटांच्या कबरींना दरवर्षी रंग देण्याची रीत चांगली आहे, फक्त रंग चुन्याचा हवा. गाळलेला मुरलेला चुना दुधाएवढा पातळ करा, भिंत ओली करून तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येकात एक दिवसाचे अंतर. पावसाळ्याचा ओलावा त्यातून बाहेर पडतो. ऑइलपेंटखाली तो अडकतो, फुगे येतात आणि गिलाव्यासकट पापुद्रा निघतो. संगमरवर, काळा पाषाण आणि कोरलेला लेख यांना कोणताच रंग देऊ नका. आधीचा ऑइलपेंट खरवडूही नका. पोपडे सुटतील तेवढेच बोटांनी काढा.

प्रश्न : लोखंडी कठडा गंजला आहे. काढून टाकला तर दगड मोकळा होईल का? (अहिल्यानगर)

उत्तर : कठडा थडग्याचाच भाग आहे, ठेवा. दगडावर प्लॅस्टिक अंथरून सुटा गंज ब्रशने काढा, झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात आणि वर इनॅमलचे दोन हात द्या. खांब दगडात बसतो तिथे मूळचे शिसे असते. ते सैल झाले असेल तर बोथट छिन्नीने ठोकून घट्ट करा आणि पाणी थांबणार नाही असा उतार द्या. तिथे सिमेंट भरले की आत गंज वाढून दगडाचा कोपरा उडतो.